चहा-बिस्किटावर शाळा

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. सकाळी साडेसहाला ऑटो येतो, म्हणून चहा-बिस्कीट घेऊनच निघतो. काय देऊ? — एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आधी चहा थांबवा. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि वाढत्या वयात लोह हवंच. आपल्या तर्री-पोह्यांतला हरभराच घ्या ना! सकाळी भिजवा, रात्री शिजवून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिखट न घालता पोह्यांवर द्या. नुसत्या पोह्यांत प्रथिनं कमीच. सोबत संत्र्याच्या फोडी. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. अंडं चालत असेल तर फारच छान, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. इतक्या लवकर भूक नसेल तर दोन घास घरी, बाकी डब्यात. रागावून भरवू मात्र नका.