तपासणी आत्ता करायची की मूल तीन वर्षांचं होईपर्यंत थांबायचं?

नाशिकच्या सातपूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा २१ महिन्यांचा. चालतो, धावतो, पण ‘मम्’ सोडून एकही शब्द नाही. हाक मारली तर बहुतेक वेळा वळून बघत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून तिथपर्यंत ओढत नेतो. बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या विकासाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे पूर्ण तपासणीचे १२,००० रुपये सांगितले, आणि थेरपी लागलीच तर आठवड्यातून तीनदा, सेशनला ७०० रुपये. पतीचा पगार हातात ४६,००० येतो. त्यातून मुलाच्या शिक्षणासाठी ५,००० ची एसआयपी, गाडी बदलायची म्हणून ३,००० ची आरडी, मुलाच्या नावच्या पॉलिसीला २,५०० जातात. १,४०,००० ची एफडी आहे. सासूबाई म्हणतात, ‘याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ विमा एजंट म्हणतो, ‘आधी आरोग्य विमा काढा, मग तपासणी करा. कागदावर निदान आलं की विमा मिळत नाही.’

ताई, तपासणी आत्ता करा. पैशाच्या बाजूनेच बघितलं तरी माझं उत्तर हेच आहे, आणि का ते सांगते.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप भरभर बोलू लागतात. पण अशा मुलांना सहसा बोललेलं समजत असतं, ती हाकेला वळतात, बोट दाखवून मागतात. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी एकत्र आहेत, आणि तुमच्या डॉक्टरांनाही तेच खटकलं असणार. मी डॉक्टर नाही, त्यामुळे याचा अर्थ काय हे मी सांगणार नाही. मला फक्त इतकं दिसतं, की न थांबता तुमचा अंदाज चुकला तर १२,००० रुपये जातील आणि घरात शांत झोप लागेल. थांबून अंदाज चुकला तर जाणारे महिने विकत मिळत नाहीत. पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, या वयात सुरू झालेल्या मदतीचा उपयोग जास्त होतो.

आता १२,००० आधी वाचवता येतात का ते बघू. सुरुवात कानापासून करा. हाकेला न वळणाऱ्या मुलाची ऐकण्याची तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी मूल अर्धवट ऐकतं, आणि त्यावर उपचार आहे. बेरा नावाची चाचणी मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून त्या दिवशी दुपारची झोप चुकवून न्या. नाशिकला मनासारखं झालं नाही, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, सरकारी. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून जाता येतं.

दुसरी सोय तुमच्या अंगणवाडीशी जोडलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, आणि विकासातला उशीर हा त्यांच्या यादीतला ठरलेला विषय आहे. तिथून पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, पाठवतात. तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. मुलाचं नाव अंगणवाडीत नसलं तरी सिव्हिलमध्ये जाऊन थेट चौकशी करा. मात्र तिथे तीन-चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली, तर मोफत आहे म्हणून थांबू नका. ती तारीख राखून ठेवा आणि खासगी तपासणी करून घ्या. थेरपी पुढे सरकारी केंद्रात झाली तर तिथे मोठी बचत होईल, कारण खरा खर्च तपासणीचा नाहीच, थेरपीचा आहे.

१२,००० मध्ये काय मिळतं हेही माहीत असावं. लहानशी खोली, जमिनीवर ठोकळे, कप, घंटी, बाहुली. मूल खेळतं आणि समोरची व्यक्ती बघत राहते: घंटी वाजली की मान वळते का, ठोकळा सापडल्यावर तो आईकडे बघून दाखवतो का. डासी ही त्यातली एक कसोटी, बडोद्याच्या प्रमिला फाटक यांच्या कामातून भारतीय मुलांसाठी तयार झालेली, जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतची. लेखी अहवाल मिळणार का आणि तो समजावून सांगायची भेट याच पैशात आहे का, हे आधीच फोनवर विचारा. अहवाल नसेल तर ते पैसे वाया गेले असं समजा. जाताना घरचे दोन-तीन व्हिडिओ, लसीकरणाचं कार्ड आणि जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद न्या.

हे १२,००० एफडीतून काढा. उरलेले १,२८,००० म्हणजे घरखर्च ३४,००० धरला तर पावणेचार महिन्यांचा आधार. तो मोडायचा नाही. थेरपी सुरू झाली तर महिन्याला १२ सेशनचे ८,४०० आणि रिक्षाचे हजारभर. त्यासाठी आरडी थांबवा, गाडी आणखी दोन वर्षं चालेल. एसआयपीही थांबवा. ती थांबवताना वाईट वाटेल, कारण ती त्याच्याच नावाने आहे. दीड वर्ष थांबवली तर ९०,००० कमी गुंततील, आणि १० टक्के परतावा धरला तर सोळा वर्षांनी साधारण चार लाख कमी जमतील. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या हिशेबात ते दीड-पावणेदोन लाख होतात. ही किंमत खरी आहे. तरी मी ती देईन, कारण हा पैसाही त्याच्या शिक्षणावरच जातोय, फक्त आधी.

थेरपीत दोन गोष्टींवर ठाम राहा. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरून सूट घेऊ नका, महिन्याचे पैसे महिन्याला द्या. स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात काही वावगं नाही. चांगले थेरपिस्ट आईवडिलांना घरी काय करायचं ते शिकवतात, ते शिकलात तर कदाचित तीनऐवजी दोन सेशनवर भागेल. ते मात्र त्यांना विचारूनच ठरवा. आणि निदान ऑटिझमचं आलं आणि कुणी स्टेम सेलचे उपचार सुचवले, तर एक रुपयाही देऊ नका. ऑटिझमसाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही.

एजंटचा सल्ला ऐकू नका. आरोग्य विम्याच्या अर्जात निदानच नाही, लक्षणंही विचारतात. डॉक्टरांनी पुढे पाठवलेलं आहे, त्याची चिठ्ठी तुमच्या फाइलमध्ये आहे. ते लपवून काढलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी नाकारली जाऊ शकते. शिवाय बाह्यरुग्ण थेरपीचा खर्च नेहमीच्या पॉलिसीत सहसा मिळतच नाही, मग ती मिळवायला थांबून काय हाती लागणार? महात्मा फुले योजनाही मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. पतीच्या कंपनीची गट पॉलिसी असेल तर मुलाचं नाव त्यात आहे ना, हे एचआरला विचारा. पुढे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालंच, तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या कुटुंबाला ५०० रुपये भरून वर्षाला एक लाखाचं संरक्षण मिळतं, आणि त्यात थेरपीचाही खर्च धरला आहे.

करसवलतीसाठी घाई करू नका. अपंग अवलंबितासाठीची ७५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीत आहे. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, त्यामुळे तुम्हाला तिचा उपयोग नाही.

मुलाच्या नावच्या त्या पॉलिसीबद्दल मात्र मला काळजी वाटते. घर एका पगारावर चालतं आणि तुमच्या पत्रात पतीच्या टर्म विम्याचा, म्हणजे कमावणारा गेला तरच पैसे देणाऱ्या साध्या आयुर्विम्याचा, उल्लेखच नाही. अहवाल काहीही येवो, ५० ते ७५ लाखांचा टर्म विमा या महिन्यात घ्या. जुनी पॉलिसी चालू ठेवायची की नाही ते त्यानंतर, सरेंडर किंमत बघून ठरवू. मला तेवढा कागद पाठवा.

आणि तपासणीला सासूबाईंनाही घेऊन जा. तुम्ही स्वयंपाकात असताना तो त्यांच्याजवळ असतो. तो कशाने हसतो, कुठल्या आवाजाला दचकतो, हे प्रश्न तिथे विचारतील, आणि त्यांची उत्तरं त्यांच्याकडे जास्त असतील.