नडगी दुखतेय आणि पोलीस भरती तोंडावर आहे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नडगी ठणकतेय तरी सकाळचं पळणं सुरूच आहे, असं लिहिलंयस. वर 'ग्राउंडवर सगळेच गोळी खाऊन पळतात'. पळोत बापडे! गोळीने दुखणं दबतं, हाडावरचा भार तेवढाच राहतो. शिवाय घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात.

आज रात्री एवढं कर. खाटेवर बस आणि नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर अंगठा दाबत ने. चांगल्या चार-पाच बोटांच्या पट्ट्यात दुखत असेल आणि पळताना अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेवर ताण आलाय. भार कमी केलास की उतरेल. पण पेराएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं त्याच दिवशी बंद कर आणि हाडांचे डॉक्टर गाठ. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, तेव्हा 'एक्स-रे साफ आला' म्हणून लगेच बूट चढवू नकोस. नडगीची चीर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. भरती चुकेल, हे मलाही कळतं.

हे झालं कशाने? जाहिरात निघाली आणि तू दोन किलोमीटरवरून थेट आठवर गेलास. दम लवकर वाढतो, हाड नाही. भार वाढला की हाड आधी जुना भाग काढतं, मग नवा भरतं. मधल्या दिवसांत ते कच्चं असतं. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारायचे म्हणून रोज घड्याळ लावायचं नसतं. पाय बरा झाला की आठवड्यातून दोनदाच वेग, एक दिवस पूर्ण सुट्टी, बाकी दिवस गप्पा मारता येतील असं सावकाश. डांबरीपेक्षा मातीचा रस्ता बरा, पण कपाशी उपटलेल्या काळ्या रानात नको, तिथल्या भेगांत घोटा मुरगळतो. मुरगळलाच तर पहिले दोन दिवस तेल लावून चोळू देऊ नकोस, आजी कितीही म्हणो.

जळगाव-भुसावळचा मे तुला सांगायला नको. उजाडताच आटपत जा. सोबतचा कुणी बरळू लागला तर आधी सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता आणि 108 ला फोन लावा.

डॉक्टरांकडे जाताना जुने बूट पिशवीत घालून ने, तळ कुठे झिजलाय ते त्यांना पाहू दे. काय म्हणाले ते रात्री कळव.

तुझे सर