शाफ्टचं कव्हर आधी परत बसव

ट्रॅक्टर घेतलास, फार बरं वाटलं. पण ग्रीस मारायला आड येतं म्हणून रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ट्रॅक्टरचा जोर रोटाव्हेटरला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं, प्लास्टिकचं कव्हर काढून बांधावर टाकलंस, ते आजच बसव. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचं टोक नुसतं टेकलं तरी गुंडाळलं जातं, मागे सरायला वेळच मिळत नाही. माझ्या डाव्या दंडावरचा वण तू पाहिला आहेस. सदरा जुना, विरलेला होता, बाही टरकन फाटली म्हणून हात वाचला. कापड नवं असतं तर?

शिअर बोल्ट तुटला तर त्याजागी हाय टेन्साइल, म्हणजे सहज न तुटणारा, बोल्ट ठोकू नकोस, मिस्त्री कितीही सांगो. तो तुटण्यासाठीच असतो. दगड अडकल्यावर तो तुटला नाही, तर जोर गिअरबॉक्सवर नाहीतर शाफ्टवर जातो, आणि तुकडा कुणीकडे उडेल याचा नेम नाही. रोटाव्हेटरसोबतच्या माहितीपुस्तकात दिलेल्या मापाचे चार बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेव, स्वस्त असतात.

पात्यात गवत अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय मागे जायचं नाही. आणि पोरांना रोटाव्हेटरच्या आसपास फिरकू देऊ नकोस.