लिनक्सवर कम्पॉझिटर बंद केला तर गेम जास्त जोरात चालतो का?

तुमचा लॅपटॉप जुना, ग्राफिक्स इंटेलचंच, वर लिनक्स मिंट, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. मित्र म्हणतो, कम्पॉझिटर बंद कर, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) दुप्पट होतील. दुप्पट वगैरे विसरा. पण मित्र अगदीच थापा मारत नाहीये.

कम्पॉझिटर नसला की प्रत्येक विंडो थेट पडद्यावर रंगते. तो चालू असला की ती आधी मेमरीत बाजूला रंगते आणि कम्पॉझिटर सगळ्या विंडो एकावर एक रचून शेवटचं चित्र तयार करतो. सावल्या, पारदर्शकपणा हे सगळं त्यातूनच येतं. (२००६ च्या सुमारास कम्पिझ या कम्पॉझिटरचा फिरणारा ठोकळा दाखवून आम्ही होस्टेलवर निम्म्या पोरांना लिनक्सवर आणलं होतं!) गेमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक फ्रेमची एक जादा नक्कल होते.

ही नक्कल केवढ्याला पडते, ते बघा. १९२०×१०८० ची एक फ्रेम साधारण ८.३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम, त्या वाचायच्या आणि परत लिहायच्या, म्हणजे सेकंदाला जवळपास १ जीबीची ने-आण. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे किरकोळ. जीटीएक्स १०५० टीआयसारख्या साध्या कार्डाच्या मेमरीचा वेग सेकंदाला ११२ जीबी आहे. पण इंटेलचं ग्राफिक्स प्रोसेसरच्याच रॅममधून खातं, आणि डीडीआर४-२४०० रॅमची एकच पट्टी असेल तर कागदावरचा वेगही १९.२ जीबीच. तिथे तो १ जीबी जाणवतो.

एफपीएसपेक्षा मला जास्त खटकतो तो उशीर. गेमची फ्रेम तयार असली तरी कम्पॉझिटर आपल्या पुढच्या फेरीलाच ती उचलतो, आणि ६० हर्ट्झवर एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची असते. एफपीएसचा आकडा तोच दिसतो, पण माऊस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो.

आता गंमत अशी, की गेम खऱ्या फुलस्क्रीनमध्ये असेल तर एक्सएफसीईचा कम्पॉझिटर बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतो. मग बंद करून काही फरक दिसणार नाही. म्हणून आधी गेमच्या सेटिंगमध्ये बघा, 'बॉर्डरलेस' (खरं फुलस्क्रीन नव्हे, पडदाभर पसरलेली विंडो) निवडलंय का. मग विंडो मॅनेजर ट्वीक्समधल्या कम्पॉझिटरच्या टॅबमध्ये जाऊन टिक काढा, आणि मँगोहड (फ्रेमचे आकडे पडद्यावर दाखवणारं साधन) लावून तोच गेम, त्याच जागी, दोन्ही प्रकारे चालवून बघा. सरासरी एफपीएसपेक्षा फ्रेमटाइमची (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेघ किती उड्या मारते त्याकडे लक्ष द्या. बंद केल्यावर चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसू लागलं, तर गेममधलं व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या फेरीशी जुळवणारी सोय) चालू करा. फक्त त्याने थोडा उशीर परत येतो.

केडीई या डेस्कटॉपवर, एक्स११ मध्ये (पडद्यावर चित्र दाखवण्याची लिनक्सची जुनी व्यवस्था) असाल, तर ऑल्ट-शिफ्ट-एफ१२ दाबलं की काम झालं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर हा खटाटोपच नाही: तिथे कम्पॉझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, बंद करणार काय? फुलस्क्रीन गेमची फ्रेम शक्य असेल तेव्हा तो नक्कल न करता थेट पडद्याला देतो.

आणि हो, माझ्या जुन्या लॅपटॉपवर कम्पॉझिटर बंद करून जेवढा फरक पडला, त्याहून कितीतरी जास्त रॅमची दुसरी पट्टी टाकल्यावर पडला. तुमच्यात किती पट्ट्या आहेत ते तळाचं झाकण उघडून एकदा बघा.