पिशवी काढायची की एफडी मोडायची? त्याआधी चार हजार खर्च करा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एक वाचक, वय ४४. घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवतात, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. तीन वर्षांपासून पाळीत जास्त अंगावरून जातं. हिमोग्लोबिन ८.४ वर आलंय. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाकू, सोबत दोन्ही अंडाशयंही काढू, पुढची कटकट नको. खर्च ९५ हजार, याच आठवड्यात केलं तर १० हजार कमी. घरात दोन लाखांची तीन वर्षांची एफडी आहे, तिला १४ महिने झालेत. चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. तीन लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्य विमा, १९ महिन्यांपूर्वी काढलीय. त्या विचारतात, "एफडी मोडू की पाटल्या गहाण ठेवू? पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं असं मला वाटतं, पण जाऊबाई म्हणतात, जाण्यायेण्यात चार-पाच हजार जातील, कशाला उगं पैसे घालवता."

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं नंतर देतो, कारण पैसा उभा करण्याची वेळ अजून आलेलीच नाही. ऑपरेशन करावं की नाही हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. मी फक्त कागद वाचतो. तुम्ही पाठवलेले दवाखान्याचे दोन्ही कागद आणि पॉलिसी मी नीट वाचली.

एस्टिमेट म्हणजे लेटरहेडचं अर्धं पान. निळ्या पेनानं लिहिलंय, "९५,०००/- (औषधे सोडून)". कंसातले हे दोन शब्द नीट बघा. औषधं किती, भूलतज्ज्ञांची फी यात आहे का, काढलेली पिशवी तपासायला लॅबला पाठवतात त्याचे पैसे कुणी द्यायचे, रक्त लागलं तर काय, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मी असा कागद पाहिला की मनात लगेच पंधरा-वीस हजार वर धरतो.

दुसरा कागद सोनोग्राफीचा. त्यातली तिसरी ओळ कदाचित कुणी तुम्हाला वाचून दाखवली नसेल. तिथं लिहिलंय, दोन्ही अंडाशयं नॉर्मल. मग ती काढायची का? कारण असू शकतं, मी डॉक्टर नाही. पण "पुढची कटकट नको" हे कारण मला पुरेसं वाटत नाही. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली की बाईची पाळी एका दिवसात जाते. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, त्याची औषधं आणि तपासण्या पुढं वर्षानुवर्षं चालतात. माझ्या मावशीचं असंच झालं. वय ४१, गावाकडचा दवाखाना, चुलत्यानं रातोरात पैसे गोळा केले आणि सगळं काढून टाकलं. अंडाशयं का काढली हे घरात कुणीच विचारलं नाही. पन्नाशीत तिचं मनगट मोडलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मनगटाचा तो खर्च आमच्या कुणाच्या हिशेबात नव्हता.

आणि हो, १० हजारांची सूट. टॉवेलच्या सेलला आठवड्याची मुदत असते, ते समजू शकतो. गाठीला अशी मुदत नसते. खरंच घाई असती तर डॉक्टर सूट देत बसले नसते, त्याच दिवशी ॲडमिट करून घेतलं असतं.

घाई कधी असते तेही सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघायला नको. तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, पोटात अचानक असह्य दुखतंय, किंवा तपासणीत कॅन्सर वा त्याच्या आधीचे बदल निघालेत, अशा वेळी पैशाचा, पॉलिसीचा, दुसऱ्या मताचा विचार करत घरी बसायचं नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. पण चाळिशी उलटलेल्या बाईला इतकं अंगावरून जात असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासतात, ती बायोप्सी झालेली तुमच्या कागदांत मला दिसली नाही. दुसऱ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा.

जाऊबाईंना सांगा, पुण्याला जायलाच लागतं असं नाही. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट वाचवा. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे. केसपेपरचे पैसे नाममात्र. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, अर्धा दिवस जातो, हे मान्य. पण तिथल्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन झालं काय आणि न झालं काय, खिशात काही फरक पडत नाही. मला दुसऱ्या मताची खरी किंमत तिथंच दिसते. सिव्हिल नको असेल तर शहरातल्याच दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पण पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या नको. फी आणि लागली तर पुन्हा सोनोग्राफी धरून तीन-चार हजारांत काम होईल.

संकोच वाटत असेल तर ध्यानात ठेवा, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. रुग्णानं मागितलेले कागद ७२ तासांत द्यावेत, असं मेडिकल कौन्सिलचे २००२ सालचे नियम सांगतात. तेव्हा रिपोर्ट मागताना "दुसरीकडं दाखवायचंय" असं सरळ सांगा. राग आला तर येऊ द्या.

पिशवीच्या बाबतीत दुसरं मत आपल्या भागात जरा जास्तच महत्त्वाचं, हे मी मुद्दाम म्हणतोय. जवळच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अशा अनावश्यक ऑपरेशनांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही होता आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. तुमचे डॉक्टर तसे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण इतकं घडून गेल्यावर एक प्रश्न जास्त विचारला तर कुणाचा अपमान होत नाही.

विचारायचं काय? सहा महिने ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? गोळ्यांनी, किंवा हार्मोन सोडणाऱ्या तांबीनं रक्तस्राव आटोक्यात येईल का? नुसती गाठ काढता येईल का? अंडाशयं ठेवता येतील का? यातला तांबीचा पर्याय बऱ्याच बायकांना कुणी सांगतच नाही. ती काही वर्षं चालते आणि तिचा खर्च ऑपरेशनच्या मानानं फार कमी असतो. पाळी गेल्यावर अशा गाठी बहुधा आकसतात, तुमचं वय ४४ आहे. म्हणजे काही वर्षं काढायची का, असाही विचार होऊ शकतो. उत्तर डॉक्टर देतील. हिमोग्लोबिन मात्र काहीही ठरलं तरी वाढवावंच लागेल. लोहाच्या गोळ्या की सलाइनमधून लोह, ते विचारून या आठवड्यातच सुरू करा. तो खर्च वाया जाणार नाही.

आता पैसे.

पॉलिसीला जुलैत २४ महिने होतात. पिशवी काढण्याचं ऑपरेशन बहुतेक पॉलिसींत पहिल्या दोन वर्षांसाठी वगळलेलं असतं, तुमच्याही यादीत ते आहे. म्हणजे आज केलं तर एक रुपया मिळणार नाही. तुमचा शिवणकामाचा सीझनही मार्च ते जून, महिन्याला १२ हजार म्हणालात. ऑपरेशननंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही, मशीनवर वाकून बसायचं नाही, म्हणजे आत्ता केलं तर आणखी १८ हजार गेले. ते एस्टिमेटमध्ये कुणी लिहीत नाही. हे पाहून मीही आधी कागदावर "जुलै" असं लिहिलं होतं.

मग तुमच्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचलं: "एजंट म्हणाले, पाळीचं काही लिहू नका." ताई, इथं गाडी अडते. पॉलिसी घेण्याआधीच्या तीन वर्षांत या त्रासासाठी डॉक्टरांकडे गेला असाल, गोळ्या घेतल्या असतील, तर कंपनी त्याला आधीचा आजार म्हणेल. मग मुदत २४ नव्हे, ३६ महिन्यांपर्यंत जाऊ शकते आणि लपवलं म्हणून क्लेमच नाकारला जाऊ शकतो. नुसता त्रास होता, डॉक्टरांकडे गेलाच नव्हता, तर गोष्ट वेगळी. फॉर्मची प्रत कंपनीकडून मागवा. काही लपलं असेल तर आत्ताच लेखी कळवा. आणि डॉक्टरांना "त्रास आत्ताच सुरू झाला असं लिहा" असं कृपा करून सांगू नका. आजाराचा इतिहास खरा असला तरच इलाज खरा होतो. म्हणून जुलैचा क्लेम मी हिशेबात धरणार नाही. मिळाला तर बोनस. मिळाला तरी तीन लाखांच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजारांच्या वरची खोली घेऊ नका. तुमच्या पॉलिसीत तेवढीच मर्यादा आहे. साडेचार हजारांची एसी खोली घेतली तर फक्त खोलीचा फरक नाही, डॉक्टरांच्या फीसकट बऱ्याच बिलाचा तिसरा हिस्सा कापला जातो.

दोन गोष्टी मोफत तपासता येतील. मिस्टरांच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का? पगार २१ हजारांच्या आत असेल आणि कारखाना नोंदणीत असेल तर कामगार विम्यात तुमचाही इलाज होतो. कारखान्यात कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. दुसरं, महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशन कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. या ऑपरेशनचं पॅकेज कुठं मिळतं हे सिव्हिलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं या योजनेची मदत करायला बसणाऱ्या माणसाला, विचारा. ओपीडीला जाणारच आहात.

एवढं करून ऑपरेशन ठरलंच आणि स्वतःच्या पैशानं करायचं झालं, तर एफडी मोडू नका. दोन लाखांवर एक टक्का दंड धरला तर १४ महिन्यांचे साधारण २,३०० रुपये जातात. त्याऐवजी एफडीवरच ९५ हजार उचला. बँक एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावते. दोन टक्के धरले तरी पाच महिन्यांत फेडलंत तर फरक ८०० रुपयांच्या आत. गोल्ड लोनचं व्याज ११ टक्के धरलं तर ते याहून महागच पडेल. पाटल्यांना हात लावायची गरज नाही.

दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकच निघालं तर ऑपरेशन करा, दिलेल्या फीची चुटपुट लावून घेऊ नका. वेगळं निघालं तर दोघांनाही "का?" विचारून उत्तर वहीत लिहून घ्या आणि मला पाठवा. खर्चाचं गणित त्यावर मांडू. सोमवारी ओपीडीला जाताना मिस्टरांना सोबत न्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या, आणि पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं हे तिथल्या डॉक्टरांनी विचारल्याशिवाय सांगू नका. सूट द्यायला दवाखान्यातून फोन आला तर म्हणावं, घरात विचार चालू आहे.