थारच्या मागच्या दिव्यांसाठी हप्ते बांधून घ्यावेत का?

प्रश्न : माझी केळीची बाग चोपडा तालुक्यात आहे. गाडी २०१७ ची थार. बांधावरून, नाल्यातून, सातपुड्याच्या पायथ्याला कुठेही जाते. आठवड्यातून तीनदा रात्री जळगावहून घरी परततो. मागचे दिवे फार मंद झालेत. मागच्या महिन्यात एक ट्रक अगदी अंगावर येऊन थांबला. एलईडी टेललाइटची जोडी ४,५०० रुपयांत बसते. दुकानदाराचं म्हणणं, काळ्या काचेचे टेललाइट, मागचा बंपर आणि छतावर एलईडी बार असा ३८,००० चा सेट घ्या, महिना ३,६०० चे १२ हप्ते. पीककर्जाच्या केसीसीतही (किसान क्रेडिट कार्ड) उचल शिल्लक आहे. बचत खात्यात ९०,००० आहेत, त्यातले ६०,००० मुलीच्या फीचे, जूनमध्ये भरायचे. बायकोचा विरोध आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, विदगावच्या पुलाकडून अंधारात येताना मागच्याला तुमची गाडी दिसलीच पाहिजे. या खर्चाला मी हौस म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रात दोन वेगळे खर्च एकाच पिशवीत पडलेत, ते आधी वेगळे करू.

३८,००० चा सेट बाजूला ठेवा. बारा हप्त्यांचे होतात ४३,२००, म्हणजे ५,२०० रुपये व्याज. दुकानदार हे ‘तेरा-चौदा टक्के’ म्हणून सांगेल. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या ३८,००० वर धरलेलं आहे. खरा दर काढला तर वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्या व्याजाने लोखंडी बंपर घ्यायचा? छतावरचा बार तर रस्त्यावर लावायचाच नसतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आणि काळ्या काचेला माझा ठाम नकार आहे. उजेड वाढवायला पैसे मोजायचे आणि वर तो अडवणारी काच बसवायची, हे मला पटत नाही.

केसीसीला हात लावू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर सवलतीमुळे व्याज नावापुरतं उरतं, म्हणूनच ती उचल स्वस्त वाटते. पण ती रोपं, खत आणि ठिबकसाठी आहे. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली आणि फेड लांबली, तर सवलत हातची जाते. केळीचा भाव आणि वारा दोन्ही आपल्या हातात नाहीत, निदान कर्जाचं कारण तरी आपल्या हातात ठेवा.

राहिले ४,५००. फीचे ६०,००० वेगळे काढले तर ३०,००० उरतात, त्यातून रोख देता येतील. पण त्याआधी घरच्या घरी एक तपासणी करा. माझ्या जुन्या गाडीचा डावा दिवा विझत्या निखाऱ्यासारखा दिसायचा. मी नवीन जोडीची किंमतही विचारून आलो होतो. मेकॅनिकने दिवा उघडला तर अर्थिंगच्या स्क्रूवर हिरवा गंज चढलेला. त्याने पॉलिश पेपरने घासला, स्क्रू परत आवळला आणि दिवा लख्ख लागला. तुमची गाडी काळ्या मातीत फिरते, पाण्यातून जाते. तिचंही हेच असू शकतं. काच पिवळी पडली असेल तर ती, नाहीतर साधे बल्ब, एवढं बदलून भागलं तर काही शे रुपयांत काम होईल.

तरीही माझा कल एलईडीकडे आहे, आणि त्याचं कारण ब्रेक. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला एलईडीपेक्षा सुमारे ०.२ सेकंद जास्त लागतात. ताशी ७० किलोमीटरने मागून येणारा ट्रक तेवढ्यात जवळजवळ चार मीटर पुढे सरकतो. तुमच्या त्या रात्री किती अंतर उरलं होतं, ते तुम्हालाच ठाऊक. बॅटरी वाचते, डिझेल वाचतं, हा दुकानदारांचा हिशोब मात्र धरू नका. मागचा साधा बल्ब ५ वॅटचा, त्यात वाचून वाचणार किती?

तोट्याची बाजूही मांडतो. साधा बल्ब गेला तर अडावदला रस्त्याकडेच्या दुकानात मिळतो. एलईडीचा सीलबंद दिवा बिघडला किंवा झाडाच्या फांदीने फुटला, तर अख्खाच बदलावा लागतो. एवढ्यासाठी विम्याचा दावा करू नका; ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचतो, तो बुडेल. म्हणून पुढच्या फुटीसाठी दोन-तीन हजार मनात राखून ठेवा. त्या अर्थाने खरा खर्च ४,५०० नाही, सात हजारांच्या जवळ आहे. तरी मी हो म्हणेन.

घेताना पूर्ण दिवा घ्या. जुन्या खोक्यात नुसता एलईडी बल्ब घालू नका. ते खोकं तारेच्या बल्बसाठी बनवलेलं असतं, उजेड नीट पसरत नाही. काचेवर ई-मार्क, म्हणजे दिवा मानकाप्रमाणे असल्याची खूण, कोरलेला पाहा. गाडीच्या मूळ कपलरमध्ये (वायर जोडायच्या खोबणीत) बसणारा घ्या, वायर कापू देऊ नका. कापलेल्या वायरमुळे शॉर्टसर्किट झालं तर विमा कंपनीशी वाद होतो. वीज कमी ओढल्यामुळे इंडिकेटर भराभर उघडझाप करू लागेल. त्यावर एलईडीला चालणारा फ्लॅशर रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बसवून घ्या. त्याऐवजी जादा वीज ओढायला जोडतात तो रेझिस्टर चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला चिकटून तर नकोच. बिल पक्कं घ्या आणि बदल विमा कंपनीला कळवा.

बसवून झाल्यावर रात्री शेतरस्त्यावर गाडी उभी करा, वहिनींना ब्रेक दाबायला सांगा आणि शंभर पावलं मागे जाऊन स्वतः बघा. मग काचेवर थोडा चिखल लावून पुन्हा एकदा बघा.