सुटी सिगारेट

"मॅडम, एकदा झोपवा आणि सोडवून टाका." सिगारेट सोडायला समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा बायकोनं पाठवलेलं असतं आणि त्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : "संमोहनात मी भलतंसलतं बोलून जाणार नाही ना?"

नुसतं झोपवून सिगारेट सुटली असती, तर भूलतज्ज्ञांच्या दारात रांगा लागल्या असत्या. संमोहन म्हणजे झोप नव्हे. जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकानं १८४०च्या दशकात ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं. पुढे त्याचं त्यालाच ते खटकलं आणि १८४७मध्ये त्यानं 'एकाच कल्पनेवर मन एकवटणं' अशा अर्थाचा दुसरा शब्द सुचवला. पण पहिलं नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यापायी आजही माझी पहिली वीस मिनिटं खर्ची पडतात.

गेल्या वर्षी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागातले अधिकारी आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना आपण साहेब म्हणू.) वय त्रेचाळीस, दिवसाला नऊ सिगारेटी. एका बैठकीत सिगारेट सुटते, असं कुठंतरी वाचून आले होते. मी म्हटलं, "बरोबर वाचलंत, पण अर्धंच." न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी १९७०मध्ये एका बैठकीची पद्धत मांडली होती. त्यांच्याच आकड्यांनुसार सहा महिन्यांनी पाचातला साधारण एक जण टिकला होता. इतर उपायांपेक्षा संमोहन सरस आहे, असं संशोधनातून अजून नीट सिद्ध झालेलं नाही. हे मी पैसे घेण्याआधी सांगते. काही जण तिथूनच परत जातात. साहेब थांबले.

नऊ सिगारेटी कुठं, कधी, कशा ओढता ते त्यांना लिहून आणायला सांगितलं. पहिली सकाळी उठल्या उठल्या, "त्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून. ही निकोटिनची मागणी. तिथं माझ्या गोड आवाजाचा उपयोग नाही, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि निकोटिनच्या चावायच्या गोळ्या सुरू झाल्या. (त्या च्युइंगगमसारख्या सतत चावायच्या नसतात. थोडं चावून गालात ठेवायच्या.) उरलेल्यांपैकी सात बँकेच्या वेळेतल्या, खालच्या टपरीवर. आणि सगळ्या सुट्या.

"पाकीट का नाही घेत?"

"पाकीट घेतलं तर जास्त ओढली जाईल ना."

उत्तर समंजस होतं, म्हणून मी पुढं गेले. तिथं थांबायला हवं होतं, हे नंतर कळलं.

तिसऱ्या बैठकीत ते छान स्थिरावले होते. मधेच त्यांचा फोन वाजला. डोळे न उघडता खिशात हात घालून त्यांनी तो बंद केला. ताबा सुटलेला माणूस असं करत नाही, हे भिणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. मी म्हटलं, "खुर्चीतून उठा. जिना उतरा. एकेक पायरी." ते हळूहळू मोजू लागले. तेरा-चौदाच्या आसपास त्यांचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"हातात सिगारेट आहे?"

"नाही. अजून टपरीवर पोचलोच नाही."

मी पुढची सूचना द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत मी जे थोडंफार शिकले, त्यात गप्प बसणं बरंच वरचं आहे. पंखा फिरत होता. मिनिटभरानं त्यांनीच विचारलं, "मग बरं कशानं वाटलं?"

बरं जिन्यावर वाटलं होतं. धूर तर दूरच, काडीही पेटली नव्हती. आमच्याकडे सुटी म्हणजे एकेक विकत मिळणारी सिगारेट आणि सुटी म्हणजे रजाही. साहेब दिवसातून सात वेळा दुसरी सुटी घ्यायला पहिलीचं निमित्त करत होते. "जरा ओढून येतो" म्हटलं की मॅनेजर हरकत घेत नाही. "डोकं भणभणलंय, पाच मिनिटं खाली जातो" असं मात्र त्या बँकेत कुणी म्हणत नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, हट्टी विचार तपासणाऱ्या विवेकनिष्ठ पठडीतली, त्यामुळे माझा डोळा 'च'वर असतो. ओढावीशी वाटते, यात काही बिघडत नाही. ओढलीच पाहिजे, तिथं माणूस अडकतो. साहेबांचा खरा 'च' आणखी आत होता : काम संपल्याशिवाय उठायचंच नाही. म्हणून 'सिगारेटची शिसारी येईल' असली सूचना मी दिलीच नाही. त्यांनी स्वतःच वाक्य केलं : "मी दमलोय, उठतोय." दिवसातून तीन वेळा, दोन मिनिटं डोळे मिटून, मनातल्या मनात जिना उतरत ते म्हणायचं. आणि तलफ आली की खरोखर उतरायचं, पाणी प्यायचं, वर यायचं. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. सुरुवातीचे काही आठवडे मात्र चिडचिड होते, बद्धकोष्ठही होऊ शकतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

पुतण्याच्या हळदीला त्यांनी दोन ओढल्या आणि रात्री फोन केला, "सगळं पाण्यात गेलं."

"दोन ओढल्यात ना? मग दोनच गेल्या. उद्या जिना आहेच."

मनोविकाराची औषधं चालू असतील, तर संमोहनाआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना समुपदेशकाकडे जायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तो पाकिटावरच छापलेला असतो. सुटी घेणाऱ्याला तो दिसत नाही, ही त्यातली गोम. महाराष्ट्रात २०२०पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे खरी, पण ते टपरीवाल्याला कोण सांगणार!

३१ मार्चला रात्री साडेनऊला साहेबांचा मेसेज आला : "अजून बँकेतच. आज पाच वेळा उतरलो. टपरीवाला विचारतो, साहेब, नुसतेच कशाला येता?"